घेवरशेठची चुंबळ

घेवरशेठवर मी जितकी चिडले तितकी आजवर समोरच्या कुठल्याही पार्टीवर चिडलेली नाही. मी वकील आहे. घोडेगावच्या कोर्टात बांधावरून एकमेकांची डोकी फोडून आलेल्या भावाभावांची भांडणं लढवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे चिडायची मला चांगली सवय आहे. पण ती माणसं निदान दुसऱ्याचं नुकसान करून येतात. हा माणूस स्वतःचं नुकसान करून घ्यायचा, आणि तेही हसतमुखाने, चार लोकांना बोलावून, वर चहा पाजून.

मंचरला स्टँडच्या पलीकडे त्यांचं शेतीसामानाचं दुकान आहे. पंप, पाइप, फवारे, विळे, ताडपत्र्या, टोमॅटोचे क्रेट. त्यांच्या वरच्या मजल्यावर माझं ऑफिस आणि वर येणारा जिना नेमका दुकानातून. त्यामुळे माझ्या प्रत्येक पक्षकाराला आधी घेवरशेठ ओलांडून यावं लागे. वाटणीच्या दाव्याचे कागद घेऊन निघालेला माणूस माझ्यासमोर बसायचा तेव्हा त्याच्या एका हातात सातबारा आणि दुसऱ्या हातात नव्या घाटाचं खुरपं असायचं. "हे काय?" विचारलं की म्हणायचा, "शेठनी दिलंय. बघा म्हणले."

त्यांचं वाक्यच ते होतं. "हातात घेऊन बघा की राव. बघायला काय जातंय?" दुकानात शिरलेला माणूस खिळे घ्यायला आलेला असो नाहीतर पत्ता विचारायला, त्याच्या हातात काहीतरी पडायचंच. मला आधी वाटायचं की ही धंद्याची युक्ती आहे. तसं काही नव्हतं. वस्तू हातात घेतल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो हे बघण्यातच त्यांना गंमत वाटायची. कुणी म्हणालं की मूठ जाड आहे, तर लगेच कंपनीला फोन. "अहो, आमच्या बायांच्या हाताला मूठ बसंना. बारीक करा की जरा." कंपनीवाले काय करत ते माहीत नाही, पण शेठ फोन ठेवताना असे खूश असायचे की जणू उद्यापासून मूठ बारीक होणार.

त्यांचे आजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. घरात मारवाडी, दुकानात आमची मराठी, तीही अशी की आळे गावचा गडी ऐकत राहावा. धर्माने पक्के जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण. जन्मभर कांदा काढायची अवजारं विकली, पण कांदा तोंडात घातला नाही. मात्र खंडेनवमीला दुकानातली सगळी अवजारं मांडून, झेंडू वाहून, हळदकुंकू लावून पूजा करायची, ही त्यांच्या आजोबांनी लावलेली रीत. गिऱ्हाइकाचा देव तो आपला देव, असं ते म्हणत. वर्षात आलेली प्रत्येक नवी वस्तू त्या दिवशी मांडायची, सगळ्या पेठेला बघायला बोलवायचं आणि मगच ती खऱ्या अर्थाने दुकानात आली असं समजायचं.

या माणसाने एक वस्तू स्वतः केली. आयुष्यात एकच. ती म्हणजे चुंबळ.

टोमॅटोच्या हंगामात बाया भरलेला क्रेट डोक्यावर घेऊन वावरातून रस्त्यापर्यंत येतात. खाली जुन्या साडीची पिळून केलेली चुंबळ. क्रेटचं बूड कडक प्लास्टिकचं, त्यावर पट्ट्या. कापड त्यावरून घसरतं, पाऊस असला की जास्तच. एका दुपारी सिंधूबाईचा क्रेट घसरून बांधावर पालथा झाला आणि तिची मान आखडली. सिंधूबाई म्हणजे डोंगरातल्या आहुप्याकडून हंगामाला खाली उतरणाऱ्या बायांची म्होरकी, उंच, काटक आणि तोंडाने फटकळ. मान वाकडी करून ती दुकानात आली आणि म्हणाली, "शेठ, समदं इकता तुमी. डोक्याखाली ठिवायचं कायतरी इका की."

झालं. त्या दिवसापासून दुकानाच्या मागच्या खोलीत रबर, फोम, सायकलची ट्यूब आणि जुन्या चपलांचा खच पडायला लागला. खाली डोक्याला मऊ बसेल आणि वर क्रेटच्या पट्ट्या धरून ठेवेल अशी गोल चुंबळ त्यांना करायची होती. एकेक नमुना व्हायचा आणि डोकं शोधलं जायचं. बँकेचा साहेब, पंपकंपनीचा एजंट, एसटीचा कंडक्टर, कुणीही सुटलं नाही. एकदा तारखेला निघालेल्या मला त्यांनी जिन्यातच गाठलं. "वकीलबाई, दोन मिनटं." काळा कोट, पांढरा बँड आणि डोक्यावर पाण्याच्या बाटल्या भरलेला क्रेट, अशी मी भर पेठेत उभी राहिले. समोरून कोर्टातला शिरस्तेदार चालला होता. तो पुढे मला वर्षभर बघून नुसता हसायचा.

शेवटचा नमुना जवळजवळ जमला तेव्हा सिंधूबाईने तो डोक्यावर ठेवला आणि तोंड वाकडं केलं. मग दुकानातलाच विळा उचलला आणि चुंबळीचा मागचा घास कापून काढला. मी दारातून बघत होते. त्या नमुन्यावर शेठनी अख्खा पावसाळा घालवला होता.

"अंबाडा कुठं जाईल माझा?" सिंधूबाई म्हणाली. "तुमास्नी अंबाडा नाय म्हणून तुमास्नी कळंना."

शेठनी चुंबळ उलटीसुलटी केली, त्या खाचेतून बोट फिरवलं आणि दुकानभर फिरून प्रत्येकाला दाखवली. "बघा, बघा. आता ही खरी झाली." तेव्हापासून मागे अंबाड्यापुरती खाच असलेली ती चुंबळ. जगात कुणाला असली खाच सुचली नसती. हे मी पुढे ज्या ज्या साहेबाला सांगितलं, त्या प्रत्येकाने मान हलवली आणि दुसरंच काहीतरी विचारलं.

आता ती बनवायची कुठे? साचा करणाऱ्या इकडच्या एकदोघांकडे ते जाऊन आले. त्यांना एवढासा माल परवडेना आणि मऊ-कडक असा जोड फोम जमेना. मग शेठनी मोबाइलवर शोधून चीनमधला एक कारखाना गाठला. कारखान्याकडून एक बाई बोलायची, तिचं नाव लिन. ती तिच्या भाषेत लिहायची, फोन ते मराठी करायचा. शेठ मराठीत बोलायचे, फोन ते चिनी करायचा. आठवडाभरात ती 'लिनताई' झाली.

"माणूस लई चांगलं हाय," मला सांगत. "तिच्या आईचं गुडघं दुखत्यात. मी तिला तेल सांगितलं."

"शेठ, नकाशा पाठवलात का तिला?"

"पाठवला की. आणि सिंधूबाईचा व्हिडिओ बी पाठवला. त्याबिगर तिला कळणार कसं?"

मी कपाळाला हात लावला. माझा प्रांत बांध, विहीर आणि वाटणीचा, पण एवढं मलाही कळत होतं की आपली वस्तू दुसऱ्याच्या कारखान्यात जाते तेव्हा आधी कागद आणि मग नकाशा. साचा कुणाचा, त्यातून दुसऱ्यासाठी माल काढायचा की नाही, आकार कुणाला दाखवायचा की नाही, हे आधी लिहून घ्यायला हवं. हे मी त्यांना दुकानात सांगितलं, जिन्यात सांगितलं, त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा ताटावर बसून सांगितलं. उत्तर एकच. "तिला वाईट वाटंल हो. आत्ता कुठं वळख झाली."

शेवटी त्यांना जवळजवळ ओढत मी पुण्याला नेलं, याच कामातल्या एका वकिलाकडे. मोठा शांत माणूस. त्याने समजावून सांगितलं की आकाराची नोंदणी करता येते. इथे एक अर्ज करायचा, चीनमध्ये वेगळा करायचा. कारखान्याशी करार त्यांच्या भाषेत करायचा, म्हणजे भांडण झालंच तर तिथल्या कोर्टात चालेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्ज जाईपर्यंत वस्तू कुणाला दाखवायची नाही. एकदा चारचौघांत दिसली, फोटोत आली की ती नवी राहत नाही. ज्याने केली त्यानेच दाखवली असली तरी राहत नाही.

"कुनालाच नाय?" शेठनी विचारलं.

"कुणालाच नाही."

"बघायला बी नाय?"

वकील म्हणाला, "बघणं हेच तर नको आहे."

परतीच्या वाटेवर खेडपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं की पटलं. पुढे पेठ गावात आम्ही चहाला थांबलो. मी हात धुऊन येते तो काय बघते, हॉटेलात भांडी घासणारी बाई चुंबळ डोक्यावर घेऊन उभी, तिच्यावर पाण्याची कळशी, मालक गल्ल्यावरून उठून बघतोय आणि घेवरशेठ तिच्या मागे उभे राहून खाच दाखवतायत. पिशवीतून ती कधी काढली देव जाणे. मी तिथेच तोंड सोडलं. लोक बघत होते तरी सोडलं. शेठ चुंबळ पिशवीत घालत म्हणाले, "आवो, तिच्या डोक्यावर नुसतीच कळशी व्हती. मला बघवंना."

ह्या माणसाशी भांडायचं तरी कसं? लबाड असता तर मला सोपं गेलं असतं.

करार तयार झाला. शेठनी तो लिनताईला पाठवला, पण ऑर्डर दिल्यानंतर. तिने उत्तरात वर केलेल्या अंगठ्याचं चित्र धाडलं. शेठ फोन घेऊन धावत वर आले. "झालं वकीलबाई. अंगठा दिला तिनं." मी त्यांना सांगितलं की ह्या अंगठ्याला कागदावरच्या अंगठ्याची किंमत नाही, सही-शिक्का लागतो. ते म्हणाले, "तुमचा कुनावरच इश्वास नाय." आणि विषय मिटला. माझ्या ऑफिसात माणसं सख्ख्या भावाला पाण्यात बघतात, आणि खाली हे, कधी न पाहिलेल्या बाईच्या एका चित्रावर निर्धास्त.

तरीही सगळं वाचलं असतं. पुण्याच्या वकिलाने नोंदणीचा अर्ज तयार करून ठेवला होता. फक्त शेठची सही हवी होती. त्याच सुमारास कारखान्यातून पहिल्या चुंबळी आल्या. गर्द हिरव्या, खालून लोण्यासारख्या मऊ, मागे सिंधूबाईची खाच. मी अर्ज घेऊन खाली गेले तर शेठ म्हणाले, "खंडेनवमी झाली की करू."

"शेठ, आज करा. पूजा नंतर."

"असं कसं? पूजेच्या आधी नवी वस्तू सरकारदरबारी न्यायची? आजपातुर घरात असं झालं नाय. आधी पूजा, मग सरकार."

मी पुण्याच्या वकिलाला फोन लावून दिला. त्याने समजावलं. शेठनी ऐकून घेतलं, होय होय म्हटलं आणि फोन माझ्या हातात परत दिला. मी म्हटलं, बरं, मग पूजा दार लावून करा. ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांना देव चोरायला सांगतेय. "दार लावून पूजा करत्यात व्हय?"

खंडेनवमीला दुकानासमोर मांडव. विळ्याखुरप्यांच्या मध्ये पाटावर हिरवी चुंबळ, तिच्यावर झेंडूची माळ, कुंकवाची पाच बोटं. सगळी पेठ लोटली. सिंधूबाई आणि तिच्या टोळीतल्या बाया नवी लुगडी नेसून भरलेले क्रेट डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत जाऊन आल्या, हात मोकळे सोडून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिंधूबाईने वळून अंबाडा दाखवला. शेठच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं कशाला बोलू, मीही त्या दिवशी रागावायचं विसरले. कुणीतरी फोटो काढले आणि संध्याकाळपर्यंत ते मंचरपासून जुन्नरपर्यंत प्रत्येक मोबाइलवर होते. शेठनी स्वतः त्यातला एक दुकानाच्या ऑनलाइन पानावर टाकला, खाली लिहिलं, 'या आणि बघून जा. बघायला काय जातंय.'

दसरा उलटल्यावर अर्ज गेला. पुढे नोंदणी झाली, प्रमाणपत्र आलं. शेठनी ते चौकटीत घालून गल्ल्याच्या मागे लावलं आणि मला पेढे देताना म्हणाले, "उगीच भ्या घालत व्हता तुमी." मी पेढा खाल्ला. चीनमधला अर्ज मात्र 'करू की' वर राहिला.

पुढच्या हंगामात सिंधूबाई दुकानात आली आणि तिने गल्ल्यावर एक चुंबळ टाकली. निळी होती. "शेठ, आपली स्वस्त झाली का? नारायणगावला बाजारात ढीग लागलाय."

ती आपली नव्हती. तिच्यावर दुसरंच नाव होतं, शहरातल्या कुठल्याशा आयात करणाऱ्याचं. पण वरच्या पट्ट्या त्याच, खालचा मऊपणा तोच आणि मागे खाच. शेठनी ती उचलली. मला वाटलं की आदळतील. त्यांनी ती डोक्यावर ठेवून बघितली, मग काढून कडेवरून बोट फिरवलं. साच्याच्या जोडावर एका ठिकाणी हलकासा उंचवटा होता. आपल्या हिरवीवरही तिथेच होता.

"आपल्याच साच्यातली हाय," ते म्हणाले. मग ती पुन्हा उलटी करून, "चांगली केलीय पण."

लिनताईला त्यांनी निरोप पाठवला. उत्तर आलं की साचा कारखान्याचा आहे, इतर ग्राहकांचा माल पाहणारा विभाग वेगळा आहे, तिला काही माहीत नाही, आणि आईचे गुडघे आता बरे आहेत. शेठनी ते मला वाचायला दिलं. त्यातल्या शेवटच्या वाक्यावर त्यांना बरं वाटलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मी फोन त्यांच्या हातात जोरात ठेवला.

सिंधूबाईने एकच प्रश्न विचारला. "खाच माझी हाय. त्यांनी कुनाला इचारून घेतली?" मी कायदा शिकलेली बाई, पण त्या प्रश्नाला कायद्यात जागाच नव्हती. कायदा विचारतो की आधी कुठे दिसली. कुणाच्या अंबाड्यासाठी कापली हे विचारत नाही.

तिकडच्या कारखान्याला धरायला सही झालेला कागद नव्हता. निदान इथला माल थांबवता येईल म्हणून पुण्याच्या वकिलाने त्या आयातवाल्याला नोटीस दिली. त्याने सरळ आमची नोंदणीच रद्द करा म्हणून अर्ज केला. सोबत एक फोटो जोडला होता. पाटावर हिरवी चुंबळ, झेंडूची माळ, कुंकू, मागे हात जोडलेले घेवरशेठ, शेजारी क्रेट घेतलेली सिंधूबाई, खाली त्यांचंच वाक्य. फोटोवर तारीख होती. आमच्या अर्जाच्या आधीची.

सुनावणी माझ्याच ऑफिसातून लॅपटॉपवर झाली. पुण्याच्या वकिलाने शेठना बजावून ठेवलं होतं की विचारल्याशिवाय बोलायचं नाही. तो बिचारा बरंच काही मांडणार होता, फोटोत मागची बाजू दिसत नाही, वरच्या पट्ट्या माळेखाली झाकल्या आहेत, अंधूक का होईना, एक वाट होती. पडद्यावरच्या, नोंदणी कार्यालयाच्या साहेबांनी विचारलं की फोटोतली वस्तू आणि नोंदणीतली वस्तू एकच आहे का. आमच्या वकिलाने तोंड उघडायच्या आत शेठ पुढे सरकले.

"वही है साहब. दूसरी कहाँ से आयेगी?"

आणि टेबलाखालून चुंबळ काढून त्यांनी ती कॅमेऱ्यासमोर धरली, उलटी केली, खाच दाखवली. कोणत्या बाईने, कोणत्या विळ्याने कापली तेही सांगितलं. साहेब शांतपणे ऐकत होते. समोरच्या वकिलाला बोलायची वेळच आली नाही. मी डोळे मिटून घेतले. शेठ खोटं बोलले असते तर मीच त्यांना सोडलं नसतं, तेव्हा त्यांच्यावर रागवायचं ते नेमकं कशासाठी, हेही मला धड कळेना. पण राग होता, आणि अजून आहे. दुनियेत एवढे चोर मोकळे फिरतात आणि कायद्याच्या तावडीत सापडतो तो कोण, तर आपली वस्तू आनंदाने दाखवणारा.

नोंदणी रद्द झाली. शेठनी चौकट उतरवली. भिंतीवर तिचा पांढरा चौकोन राहिला, त्यावर त्यांनी पाइपच्या कंपनीचं कॅलेंडर लावलं.

त्यानंतर पर्युषण आलं. शेवटच्या दिवशी जैन माणसं वर्षभराच्या चुकांची सगळ्यांकडे क्षमा मागतात, 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात. मलाही दरवर्षी शेठचा निरोप येतो. या वेळी मी सहज खाली गेले तर ते चष्मा लावून एकेकाला पाठवत बसलेले. यादीत लिनताई होती. तिच्याखाली त्या आयातवाल्याचा नंबर होता.

"ह्याला?" मी म्हटलं. "ह्याने तुमची क्षमा मागायला पाहिजे. तुम्ही काय केलंत त्याचं?"

"मनात लई वाईट आलं व्हतं त्याच्याबद्दल," शेठ म्हणाले. "ते तर केलंच ना मी."

मी तिथे थांबले नाही. जिना चढताना माझे पाय इतके वाजले की वरचा पक्षकार उठून उभा राहिला.

यंदाच्या खंडेनवमीला मी मुद्दाम लवकर आले. मांडव होता, विळेखुरपी होती, पण गर्दी कमी. शेठनी मागच्या खोलीत काहीतरी नवीन केलंय, एवढं मला ठाऊक होतं. दोन महिने तिथून कापल्या-ठोकल्याचे आवाज येत होते आणि दार आतून बंद असायचं. काय आहे ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. आता ते पाटावर होतं, पांढऱ्या टॉवेलखाली झाकलेलं. टॉवेलच्या कडा चारी बाजूंनी आत खोचलेल्या. शेठनी टॉवेलवरच हळदकुंकू वाहिलं, टॉवेलवरच झेंडू ठेवला. माणसं येत होती, त्या टॉवेलच्या पाया पडत होती आणि एकमेकांकडे बघत होती.

सिंधूबाई आली. काखेत निळी चुंबळ होती, बाजारातली. ती स्वस्त, बाकीच्या बायाही तीच घेतात, तिने काय करावं? पाया पडून झाल्यावर तिने नेहमीसारखा हात पुढे केला.

"बघू की शेठ. काय केलंय?"

शेठ तिच्याकडे बघायचं टाळून म्हणाले, "अर्ज गेला की दावतो."

"मला बी नाय?"

तबकातला पेढा उचलून त्यांनी तिच्या पसरलेल्या हातावर ठेवला. सिंधूबाई क्षणभर पेढ्याकडे बघत राहिली, मग मूठ मिटून बायांमध्ये जाऊन बसली. शेठ माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "आता बरूबर केलं ना, वकीलबाई?"

"हो," मी म्हटलं. "बरोबर केलंत."

मी वर निघाले. मागे दुकानात कुणी नवखं गिऱ्हाईक शिरलं होतं, खिळे मागत होतं. मी अर्ध्या जिन्यात थांबले. आता शेठ त्याच्या हातात काहीतरी ठेवतील आणि ते वाक्य म्हणतील, म्हणून कठड्याला धरून उभी राहिले. खाली खिळे मोजून झाले, पुडी बांधून झाली, ड्रॉवर उघडला आणि बंद झाला. गिऱ्हाईक निघून गेलं.